दिसतं की तयार करता?

ओळख निघाली, कामाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: "दुसऱ्या ताऱ्यांभोवतीची धूळ, तिथल्या ग्रहांवरची हवा, हे तुम्हाला खरंच दिसतं की कॉम्प्युटरवर तयार करता?" परवा नेरूळला सोसायटीच्या मीटिंगनंतर तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहिते.

दोन्ही. पण तयार केलेलं दिसलेल्याशी जुळलं नाही, तर तयार केलेलं टाकून द्यावं लागतं.

अभिजित तारा घ्या. १९८३ साली आयरॅस ही अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश टिपणारी दुर्बीण अवकाशात गेली. तिची मापं तपासून घ्यायला अभिजित वापरत होते, कारण तो भरवशाचा तारा. पण लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात तो अपेक्षेपेक्षा कितीतरी उजळ निघाला. जास्तीचा प्रकाश भोवतीच्या थंड धुळीचा होता. धूळ किती गार आहे ते कळलं की ती ताऱ्यापासून किती लांब असेल याचं गणित मांडता येतं. मात्र कण केवढे धरायचे यावर उत्तर बदलतं. माझे बरेचसे दिवस त्यातच जातात.

धूळच का दिसते? पारसिकच्या डोंगरात दगडखाणी चालायच्या तेव्हा लांबून दगड दिसायचे नाहीत, धुरळा दिसायचा. तसंच. दगडाची भुकटी झाली की वस्तुमान तेवढंच राहतं, पृष्ठभाग मात्र प्रचंड वाढतो. आणि ही धूळ टिकत नाही. अगदी बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच बाहेर फेकले जातात, थोडे मोठे हळूहळू आत सरकतात. अभिजितचं वय कित्येक कोटी वर्षं. जन्माच्या वेळची धूळ केव्हाच संपली असणार. म्हणजे तिथे अजूनही मोठमोठे खडक एकमेकांवर आदळतायत. मला हे दरवेळी नव्यानं थरारक वाटतं.

आता फोमलहॉट. दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-नऊला दक्षिणेकडे एकटाच चमकतो, पाम बीच रोडच्या उजेडातही दिसतो. त्याच्या धुळीच्या कड्याजवळ हबल अवकाश दुर्बिणीला एक सरकणारा ठिपका सापडला आणि २००८ मध्ये तो ग्रह म्हणून जाहीर झाला. पण तरुण मोठा ग्रह अवरक्तात तापलेला दिसायला हवा, हा तिथे दिसेना. पुढे ठिपका फिकट होत गेला, २०१४च्या छायाचित्रात नाहीसाच झाला. दोन मोठे खडक आदळून उडालेला, पसरत जाणारा धुळीचा ढग धरला तर सगळी निरीक्षणं जुळतात, असं २०२० मध्ये दाखवलं गेलं. ग्रह गेला, पण अशी टक्कर जवळजवळ घडताना पाहायला मिळणं मला ग्रहापेक्षा मोठं वाटतं.

हवेचंही असंच. वास्प-३९बी हा ग्रह सुमारे ७०० प्रकाशवर्षं लांब. ताऱ्यासमोरून जाताना तो साधारण २ टक्के प्रकाश अडवतो. त्याच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश म्हणजे त्यातलाही छोटासा हिस्सा. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला त्यात ४.३ मायक्रॉन तरंगलांबीपाशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्बन डायऑक्साइडची खूण स्पष्ट दिसली. शेजारी ४ मायक्रॉनजवळ आलेखात एक लहान उंचवटा होता, तो मात्र ओळखू येईना. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी त्या हवेत कोणत्या रासायनिक क्रिया होतील, हे वेगवेगळ्या गटांनी आपापल्या प्रारूपांत, म्हणजे कॉम्प्युटरवर तयार केलेल्या हवेत, चालवून पाहिलं. उत्तर आलं सल्फर डायऑक्साइड, आणि उंचवटा बरोबर त्याच जागी बसला. प्रारूपातून हा वायू काढला की आलेख जुळत नाही.