ऑर्कांचं पान कोरं का, तर

आम्ही दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, निकाल फाशांवर, आणि जग रचून डाव चालवायचा मी. बुटके (म्हणजे ड्वार्फ), एल्फ, हाफलिंग असे त्या जगातले लोक, आणि ऑर्क म्हणजे ज्यांना नायकांनी कापायचं ते. त्या सगळ्यांची माझी एक वही आहे. नवा खेळाडू आला की तिसऱ्या-चौथ्या रविवारी हा प्रश्न ठरलेला. वही चाळता चाळता त्याचा हात थांबतो. बुटक्यांची ४४ पानं आहेत, एल्फांची ३१, हाफलिंगांच्या लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसतं तेही लिहिलंय. मग एका पानावर वर 'ऑर्क' आणि खाली काहीच नाही. "अण्णा, हे लिहायचं राहिलं का?"

राहिलं नाही. गेल्या महिन्यात एकाने "तुम्हाला ऑर्क जमत नाहीत का?" असं विचारलं आणि मी त्याच्यावर खेकसलो. पुढच्या रविवारी तो आला नाही. तेव्हा एकदाच लिहून टाकतो, यापुढे कुणी विचारलं की हाच कागद पुढे करीन.

आधी माझी बाजू. मला वैरं रचायला आवडतं, आणि ते मला जमतं. पंचविशीत पुण्याहून सोलापूरला परत आलो तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि नियमपुस्तकांच्या झेरॉक्स जास्त होत्या. त्यात १९७८ च्या पुस्तकातला एक तक्ता होता. कोणाला कोण किती चालतं, ते एकेका अक्षरात. बुटका आणि एल्फ: तिटकारा. बुटका आणि अर्ध-ऑर्क: द्वेष. का, ते नाही. उभी ओळ, आडवी ओळ, जिथे मिळतील तिथे अक्षर. त्या वयात मला हे फार सोयीचं वाटायचं. आता तो तक्ता पाहिला की लग्न जुळवणाऱ्यांची वही आठवते.

मग कारणं शोधायचा नाद लागला. बुटके लोखंड गाळतात, म्हणजे त्यांना ढिगाने लाकडी कोळसा लागणार. झाडं एल्फांची. झालं, भांडणाला बूड मिळालं. त्यात वयाची गंमत आहे. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे बुटका साधारण ३५० वर्षं जगतो, एल्फ ७५० पर्यंत आणि अर्ध-ऑर्क फार तर ७५. माझ्या जगात कोळशाचा करार ५०० वर्षांपूर्वीचा. बुटक्यांतर्फे सही करणारा आजोबा कधीच गेला. एल्फांतर्फे सही करणारी बाई अजून धडधाकट आहे आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन हेही सांगते. बुटक्यांसाठी जो इतिहास, तो तिच्यासाठी परवाचा दिवस. अशा माणसाशी तडजोड कशी करणार?

नंतर मी बुटक्यांना नदीवर धरण बांधायला लावलं आणि खालच्या एल्फांच्या वनात चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येऊ लागलं. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या रविवारी तीन तास तलवार निघाली नाही. पाणी सोडणारा चावीवाला कोणाचा असावा, एवढ्यावरच भांडले सगळे. इतका रंगलेला डाव मी दुसरा चालवलेला नाही.

बुटक्यांची निम्मी पानं माझी नाहीतच. आम्ही बसतो ती खोली टॉवेलच्या गोदामावर आहे. खाली माग चालू असले की वर फासा पडल्याचा आवाज येत नाही. मंडळीत शहराच्या पूर्व भागातला एक तेलुगू मित्र आहे, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातला. त्याने बुटक्यांच्या घराघरात माग बसवले, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीसारखा त्यांना रथ दिला, आणि सावकाराकडून सूत उधार आणायची पद्धत इतकी बारकाईने लिहिली की मी कारखान्यात हिशेब लिहितो तरी मला ती दोनदा वाचावी लागली. त्याला मजा येत होती. मला वाटलं, हेच तर करायचं असतं. आपलं आणायचं आणि त्यांना द्यायचं.

इथपर्यंत मी शहाणा होतो, असं माझं म्हणणं आहे.

आता तो, आमच्यातला आणखी एक खेळाडू. नाव लिहीत नाही. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, घर सेटलमेंटमध्ये. तो स्वतःची स्टीलची वाटी घेऊन यायचा आणि फासा त्यातच टाकायचा. खालच्या मागांच्या खडखडाटात फक्त त्याचा फासा ऐकू यायचा. पात्र कायम पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला, खोटं न बोलणारा योद्धा. माझ्या पहिल्या मराठी शीटवर, म्हणजे पात्राची माहिती भरायच्या कागदावर, मी 'रेस'ला 'जात' असा शब्द घातला होता. "जात: बुटका" वाचल्यावर कुणीतरी "दाखला आणलाय का बे?" म्हणालं आणि सगळ्यात मोठ्यांदा तोच हसला. ऑर्कांच्या नावापुढे पुस्तकात स्वभावच छापलेला होता, 'अराजक, दुष्ट'. तीन वर्षं आम्ही ऑर्क कापले. सगळ्यात जास्त त्याने कापले असतील.

मग मी सेटलमेंटबद्दल वाचलं. लहानपणापासून ते नाव ऐकत आलो होतो, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना वापरलं होतं. ते कशाचं सेटलमेंट, हे कधी मनात आलं नाही. १८७१ चा कायदा, अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा. त्यांना डांबून ठेवायची वस्ती म्हणजे सेटलमेंट. तारेचं कुंपण. हजेरी. बाहेर जायला पास. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं तो कायदा तसाच, ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द. वाचताना पोटात कालवलं हे खरं. पण त्याच वेळी डोक्यात लखकन उजेड पडला हेही खरं: ऑर्क! मला माझे ऑर्क सापडले होते. ज्याची आजी त्या कुंपणात वाढली तो दर रविवारी माझ्या डाव्या हाताला बसत होता, आणि मी म्हणतोय, सापडले.

मी २२ पानं लिहिली. बुटक्यांच्या राजाचं फर्मान, ऑर्क जन्मतः चोर. तार, हजेरी, सकाळी गिरणीत आणि संध्याकाळी परत आत. ते वाईट नाहीत, त्यांना वाईट ठरवलंय, असा माझा सगळा रोख. २०१६ साल होतं. मुद्दाम ३१ ऑगस्टच्या आधीचा रविवार निवडला. त्याच्यासाठी एक ऑर्क नायक तयार ठेवला होता, शीट भरून, नाव घालून. त्याला आवडेल याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर तो माझे आभार मानेल असंच मी धरून चाललो होतो.

वाचून दाखवलं. खाली त्या दिवशी माग बंद होते. तो ऐकत होता. मग म्हणाला, "रात्रीची हजेरी किती वेळा लिहिलीय?"

"दोनदा."

"तीनदा करा."

मी पेन्सिलने 'तीनदा' केलं. त्याला रस वाटतोय म्हणून खूश झालो. तो पेन्सिलीचा 'तीनदा' अजून आहे त्या पानावर.

"बाकी बरोबर लिहिलंय, अण्णा," तो म्हणाला. "फक्त दात कशाला लावलेत?"

मला कळलं नाही. म्हणजे लगेच कळलं, पण तोंडाने भलतंच उत्तर दिलं. ऑर्कांना सुळे असतातच, खालच्या जबड्यातून वर आलेले, ते पुस्तकातच आहे, असं काहीतरी.

"हां. मग पुस्तकातच ठेवायचे होते."

आवाज चढवला नाही. नायकाची शीट त्याने उचलली, नाव वाचलं आणि माझ्याकडे परत सरकवली. आपला पॅलाडिन काढला. डाव सुरू झाला. बाकीचे तार तोडायच्या तयारीला लागले, पहारेकऱ्यांना लाच देऊ लागले, एकाने गिरणीत संप घडवायचा बेत केला. मग पॅलाडिनची पाळी आली.

"मी कुंपणाबाहेर उभा आहे."

पुढची फेरी. "उभा आहे." त्याच्या पुढची. "इथेच आहे." चार तास. वाटी समोर, रिकामी. एकदाही फासा टाकला नाही. मी दोनदा तीनदा त्याच्यासाठी गळ टाकला: आतून एक म्हातारी हाक मारते, एक पोर तारेत अडकतं. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी त्या म्हातारीचं पुढे काही होऊ दिलं नाही. चहा-भज्यांचे त्याचे ४० रुपये त्याने दिले, वाटी पिशवीत टाकली. त्यानंतर दोन रविवार आला आणि मग दुकानात काम वाढलं.

तेलुगू मित्र अजूनही म्हणतो, "मला बुटका केलंस तेव्हा मी रडलो का बे?" वर्षभर मीही घरी हेच म्हणत होतो. माझा हेतू बघा की. कोणी तरी ही गोष्ट सांगायलाच हवी होती की. पण मित्राचे माग मित्राने स्वतः आणले होते, माझ्यासमोर, हसत. दुसऱ्याच्या आजीची हजेरी मी न विचारता उचलली, तिला हिरवं कातडं चढवलं आणि वर तारीख साधली. शिवाय बुटका होण्यात कुणाचं काय जातं? सोनं, दाढी, बिअर. बुटक्यांच्या नावाने कुणी कधी कायदा केला नव्हता.

एवढं लिहूनही पंचविशीतला मी कानाशी ओरडतोच: मग काय सगळे गुळगुळीत करायचे? खुन्नस काढली तर खेळात उरतं काय? त्याचं सगळंच चूक नाही. ऑर्क गेल्यापासून माझे डाव सपक झालेत. दोघं सोडून गेले, त्यांना काहीतरी कापायचं होतं. खेळाच्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये 'रेस' हा शब्द काढायचं जाहीर केलं, २०२४ च्या पुस्तकात ऑर्क खेळाडूंच्या रांगेत आले, तेव्हा ओळखीचे लोक मला म्हणाले, "बघा, तुमचंच खरं ठरलं." माझं काय खरं ठरलं? त्यांच्या नव्या शब्दाला मराठीत 'प्रजाती' म्हणावं लागतं, आणि ते बेडकाच्या धड्यातलं वाटतं. माझ्या शीटवर आता 'गाव' एवढंच लिहिलेलं असतं. तेही काय, सोलापुरात गाव विचारलं की पुढचा प्रश्न कुठला असतो ते तुम्हाला माहीत आहे.

यंदा इंजिनिअरिंगची एक मुलगी येते. तिला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्यांना आधी दात लावले आणि मग गावच पुसून टाकलं. कोरं पान पण कुंपणच झालं की, काका." मी म्हटलं, मग काय लिहू? ती म्हणाली, "मला काय विचारता?" बरोबर आहे. तिला विचारून काय उपयोग?

ज्याला विचारायला हवं तो जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत भेटला. होम मैदानावर ही गर्दी. मुलगी खांद्यावर, तिच्या हातात भिरभिरं. मी आठ वर्षं मनात घोळवलेलं वाक्य काढायच्या बेतात होतो.

"काय अण्णा, चालू आहे का रविवार?"

"चालू आहे."

"बुटक्यांचं आणि त्यांचं पाण्याचं मिटलं का मग?"

"नाही मिटलं."

"मिटणार पण नाही," तो म्हणाला. "ती सहीवाली बाई मरायला नको का?" आणि पोरगी पाळण्याकडे ओढायला लागली म्हणून तो तिकडे गेला.