तुम्ही विचारलंत म्हणून : नीती कायद्याने राखावी का?

जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध कायदा हवा असे मी म्हणतो आणि डान्सबारबंदीला मात्र विरोध करतो, तेव्हा दोन्हीकडे नीतीच लादली जात असताना हा भेद कशासाठी, असे मला वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे.

२००५ मध्ये राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घातले. पहिल्याने परमिट रूम आणि बिअर बारमधील नाचावर बंदी आली आणि दुसऱ्याने तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले, तसेच जिमखाने त्या बंदीतून वगळले. नाच अश्लील आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक असेल, तर तो महागड्या हॉटेलात शिष्टसंमत कसा होतो, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली; रोजगार गेल्यामुळे अनेक बारबालांना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, याचीही दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. ज्यांचे शोषण थांबवायचे म्हणून कायदा केला, त्यांचीच चूल त्याने विझवली, याची चीड मला आजही येते. बारमध्ये जबरदस्ती होत असेल, अल्पवयीन मुली आणल्या जात असतील, तर त्यासाठी फौजदारी कायदे तेव्हाही होते. ते नेटाने राबवायला हवे होते.

बहिष्काराचे प्रकरण वेगळे आहे. जातीबाहेर लग्न केले म्हणून एखाद्या घराशी रोटीबेटीचा व्यवहार तोडायचा, त्यांच्या दुकानातून कोणी माल घ्यायचा नाही, घरात मयत झाली तरी खांदा द्यायला जायचे नाही, असा दंडक पंचायत घालते आणि त्याला नीती म्हणते. तिथे नीती लादण्याचे काम पंच आधीच करत असतात, आणि २०१६ मध्ये संमत होऊन जुलै २०१७ पासून लागू झालेला राज्याचा कायदा त्या लादण्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतो. यात पीडित कुटुंब स्वतः दाद मागू शकते. डान्सबारबंदीत मात्र ज्यांच्या नावाने कायदा झाला, त्या स्त्रियांच्या संघटनाच त्याविरुद्ध न्यायालयात उभ्या होत्या.

मला खरा पेच पडतो तो ‘आडव्या बाटली’पाशी. गावातल्या स्त्रिया गुप्त मतदानात आडव्या बाटलीच्या चिन्हावर मत देऊन दारूचे दुकान बंद करतात, तेव्हा शांतपणे घोटभर पिऊन झोपणाऱ्या माणसाचाही हक्क जातो, हे मी नाकारत नाही. तरीही नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि रात्री मार बसतो, हे सोसणाऱ्या बायका स्वतः रांगेत उभ्या राहून मत देतात, तेव्हा मी त्यांच्याच बाजूने आहे.