आरएनएकडून काम करून घेताना

आरएनएवर, म्हणजे डीएनएच्या नात्यातल्या रेणूवर, काम सुरू करणाऱ्याला प्रयोगशाळेत सगळ्यात आधी शिकवतात ते घाबरायला. आपल्या त्वचेवर आरएनए तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि या जातीची काही एन्झाइम्स उकळली तरी थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागतात. म्हणून हातमोजे सारखे बदलायचे, पाणी वेगळं, पिपेटच्या टिप्स वेगळ्या, बसायची जागासुद्धा वेगळी. इतक्या नाजूक रेणूने जीवसृष्टीची सुरुवात केली असेल, हे गृहीतक मला सुरुवातीला अजिबात पचलं नाही.

युक्तिवाद अर्थातच पाठ होता. प्रथिनं बनवायला डीएनएतली माहिती लागते आणि डीएनएची प्रत काढायला प्रथिनं लागतात. मग आधी कोण? १९८२ साली थॉमस चेक यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात असा आरएनए सापडला, जो प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःतला तुकडा कापून उरलेली टोकं जोडतो. पाठोपाठ सिडनी ऑल्टमन यांनी आरएनेझ-पी या एन्झाइममधलं खरं काम आरएनएच करतो हे दाखवलं. १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. माहितीही साठवणारा आणि रासायनिक क्रियाही घडवणारा रेणू मिळाला, म्हणजे कोंडी फुटली. पण माझं मन वळलं ते रायबोसोममुळे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रामुळे. २००० साली त्याच्या मोठ्या भागाची रचना उलगडली, तेव्हा अमिनो आम्लं जिथे एकमेकांना जोडली जातात तिथे आसपास फक्त आरएनए दिसला. प्रथिनं होती, पण लांब. म्हणजे आजही आपल्या पेशींतली प्रथिनं जोडण्याचं काम एक रायबोझाइमच, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारा आरएनएच, करतो आहे!

माझं काम होतं दोन आरएनए जोडणारा रायबोझाइम नळीत निवडून काढणं. डेव्हिड बार्टेल आणि जॅक शोस्टाक या संशोधकांनी १९९३ मध्ये घालून दिलेली ही वाट. यादृच्छिक क्रमाच्या आरएनए रेणूंचा प्रचंड साठा (पूल) घ्यायचा. त्यांनी सुमारे १०^१५ रेणू घेतले होते. त्यात एक छोटा आरएनए तुकडा सोडायचा. जो रेणू तो तुकडा स्वतःच्या टोकाला जोडून घेईल, त्याच्यावर जणू खूण उमटते. मग आरएनएची डीएनए प्रत काढून, फक्त ती खूण ओळखणारा प्राइमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) वापरून पीसीआर करायचा, म्हणजे तिच्या भरपूर प्रती काढायच्या, डीएनएवरून पुन्हा आरएनए बनवायचा, आणि पुढचा राउंड. प्रत्येक राउंडला जोडणीसाठी वेळ कमी द्यायचा, म्हणजे आळशी रेणू आपोआप गळतात.

सुरुवातीच्या राउंडांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर न जोडलेल्या रेणूंचा मूळ पट्टा, आणि वर, जिथे जोडलेले लांब रेणू दिसायला हवे होते, तिथे कोरी जागा.

मग एक गमतीची अडचण आली. पूलमध्ये मूळ लांबीपेक्षा आखूड रेणू वाढू लागले. ते जोडणी वगैरे काही करत नव्हते. आखूड असल्यामुळे त्यांच्या प्रती लवकर निघत होत्या, एवढंच. माझ्या मार्गदर्शक मॅडम हसल्या. "स्पीगेलमनला भेटलीस वाटतं," म्हणाल्या. १९६७ मध्ये सोल स्पीगेलमन यांनी एका विषाणूचा आरएनए नळीमागून नळीत वाढवत नेला, तेव्हा ७४ व्या वेळेपर्यंत त्याने आपला ८३ टक्के भाग टाकून दिला होता. प्रती काढण्याचं यंत्र फुकट मिळालं, की बाकीचं सामान ओझंच. आदिम पृथ्वीवरही असे फुकटे असणारच, म्हणून पहिल्या रेणूंभोवती एखादं आवरण हवं, हा मुद्दा मला लेख वाचून कधी इतका टोचला नव्हता. दर राउंडनंतर योग्य लांबीचा पट्टा जेलमधून कापून घ्यायला लागले, तेव्हा माझ्या नळीतले फुकटे आटोक्यात आले.

पुढे मूळ पट्ट्याच्या जरा वर एक फिकट पट्टा दिसला. आरएनएला काम करायला लागणारं मॅग्नेशियम वगळलेल्या नळीत तो नव्हता, म्हणजे तो खरोखर जोडणीचा होता. राउंडागणिक तो गडद होत गेला आणि क्रम वाचून घेतले तेव्हा एकमेकांशी मिळत्याजुळत्या क्रमांची मोजकीच कुटुंबं उरली होती. कुठलीही रचना न आखता, निव्वळ निवडीतून काम करणारा रेणू निघतो, हे समोर पाहणं वेगळंच.

मॅग्नेशियमने मात्र पिच्छा पुरवला. आरएनएला नीट घडी घालायला ते हवं, आणि आरएनएच्या साखळीतल्या साखरेवरच्या हायड्रॉक्सिल गटाला शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करायला तेच मदत करतं, म्हणजे साखळी तुटते. शिवाय आदिम पेशीची आवरणं ज्या मेदाम्लांची असावीत असं मानतात, तीही मॅग्नेशियममुळे विस्कटतात. सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घातलं तर हा त्रास कमी होतो, असं शोस्टाक यांच्याच प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवलं. पण तेव्हाच्या डबक्यात इतकं सायट्रेट आणायचं कुठून?

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. माझ्या प्रत्येक राउंडमध्ये प्रती काढणारी सगळी एन्झाइम्स प्रथिनंच होती. आरएनए जोडणी करू शकतो हे सिद्ध झालं. तो स्वतःची पूर्ण प्रत स्वतः काढू शकतो, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. त्या दिशेने वाटचाल आहे: २००१ मध्ये एका रायबोझाइमने १४ न्युक्लिओटाइडची (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांची) भर घातली, २०११ मध्ये दुसऱ्याने ठरावीक साच्यावर ९५ पर्यंत मजल मारली. पण त्याची स्वतःची लांबी याच्या साधारण दुप्पट होती. तिथे पोहोचायचं तर वेग वाढवण्याइतकंच साखळी टिकवणंही महत्त्वाचं, म्हणून सध्या माझा रेणू मी गोठणबिंदूखाली तपासते आहे. बर्फाच्या कणांमधल्या द्रवात आरएनए दाटतो आणि तुटतोही कमी. जोडणी भलतीच मंदावली आहे. मॅडम म्हणतात, घाई कुणाला आहे.