पावतीपुस्तक आधी सोडायला हवं होतं

सांगलीत विश्रामबागेत मी अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना गणित शिकवतो. 2015 साली घराच्या वरच्या मजल्यावर नऊ मुलं घेऊन सुरुवात केली. मुलं वाढत वाढत साठाच्या पुढे गेली आणि तिथेच अडकली. टाळेबंदीची दोन वर्षं गेली, वर्ग पुन्हा भरले, तरी आकडा तोच. शिकवण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्यामुळे नक्की कुठे अडतंय तेच कळेना.

एका संध्याकाळी फळ्यावर इंटिग्रेशन बाय पार्ट्स चालू असताना तासगावकडचे एक पालक दारात येऊन उभे राहिले. हातात दोन पावत्या, घामाने मऊ पडलेल्या. "सर, दुसरा हप्ता भरलाय आम्ही." दोन्ही पावत्यांवर माझंच अक्षर होतं. दुसरी मी फाडून दिली होती, पण रजिस्टरला चढवली नव्हती. माफी मागितली. ते चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "पोराला वर्गात सगळ्यांदेखत विचारलंत, म्हणून आलो." मुलगा तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माणूस हवा, हे तेव्हा पटलं. पण चुकलो ते कोणता माणूस हवा यात. क्लास वाढवायचा म्हणजे दुसरा शिक्षक घ्यायचा, अशी आपल्याकडे सगळ्यांची समजूत, माझीही तीच होती. एक तरुण शिक्षक घेतला, अकरावीची बॅच त्यांच्याकडे दिली. शिकवायचे चांगले. वर्षभराने त्यांनी स्वतःचा क्लास काढला आणि वीसेक मुलं त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, त्यांचं काही चुकलं नाही. वर्षभर त्या मुलांचे सर तेच होते, मुलं त्यांच्यामागे जाणारच. चूक माझी होती. जे काम मला सगळ्यात चांगलं येत होतं ते मी दुसऱ्याला दिलं, आणि जे अजिबात जमत नव्हतं, ते पावतीपुस्तक, ते मात्र स्वतःच्या खिशात ठेवलं.

मग दोन आठवडे एक वही जवळ ठेवली. दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. आठवड्याला सत्तरच्या आसपास तास काम निघालं. त्यातलं शिकवणं आणि शिकवण्याची तयारी जेमतेम 30 तास. बाकीचा वेळ फोन, चौकशीला आलेले पालक, झेरॉक्स, पेपर टाइप करणं, तपासणं, व्हॉट्सअ‍ॅपवर सुट्टीचे निरोप आणि फीचा पाठपुरावा यात जात होता. ज्याला वाढायचं आहे त्याने ही वही जरूर लिहावी. आपल्याला वाटतं एक आणि कागदावर निघतं दुसरंच.

फीचा हिशेब सांभाळायला ताई आल्या त्या जून 2023 मध्ये. आधी एका पतसंस्थेत कॅशियर होत्या. मुलगी लहान म्हणून नोकरी सोडलेली. मी मुलाखत अशी घेतलीच नाही. रजिस्टर आणि पावतीपुस्तकं समोर ठेवली आणि म्हटलं, कुणाचे किती राहिलेत ते काढा. पाऊण तासाने त्यांनी बाकीची यादी दिली, आणि शेजारी वेगळ्या कागदावर माझ्या चार चुका. तेव्हाच ठरवलं.

तरी पहिला महिना मी त्यांना नीट काम करू दिलं नाही. त्या गेल्यावर रोज रात्री गल्ला परत मोजायचो, पावत्या परत ताडून बघायचो. एक दिवस त्यांनी सरळ विचारलं, "सर, तुम्ही रोज परत मोजणार असाल तर मी कशाला मोजू?" आवाज चढलेला नव्हता, पण उत्तर हवं होतं. त्या दिवशी आम्ही बसून ठरवलं. हप्त्याला 15 दिवसांची मुदत त्यांनी स्वतः द्यायची, मला विचारायचं नाही. फी कमी करायची असेल तर मात्र मला विचारायचं. हिशेब मी शनिवारी एकदाच बघणार. आणि वर्गात फीचा विषय कुणीच काढायचा नाही, मीसुद्धा नाही. बोलायचं ते पालकांशी, फोनवर.

काम सोपवणं म्हणजे काय ते मला त्यानंतर समजलं. आमच्याकडे तासगाव, कवठेमहांकाळ भागातली बरीच मुलं आहेत, घरी द्राक्षबाग असलेली. मी सगळ्यांना एकच तारीख द्यायचो: जून, सप्टेंबर, डिसेंबर. ताईंनी पहिल्याच दिवाळीत सांगितलं की डिसेंबरात बागायतदाराकडे पैसा नसतो, नुसता खर्च असतो. छाटणी झालेली, औषधं चालू, वर अवकाळीची धास्ती. पैसा येतो माल गेल्यावर, आणि बेदाणा केला असेल तर सौदा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडल्यावर. त्यांनी त्या घरांचे हप्ते त्याप्रमाणे लावून दिले. त्या वर्षी त्या भागातल्या एकाही मुलाने मध्येच क्लास सोडला नाही. त्याआधी दरवर्षी दोन-तीन मुलं डिसेंबरात गायब व्हायची, आणि मला वाटायचं त्यांना गणित झेपलं नाही.

पेपरचं काम माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे गेलं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, प्रत्येकी 2 गुण. त्यातलं 20 टक्के अकरावीचं, 80 टक्के बारावीचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हा साचा एकदा लावून दिला की दर रविवारची टेस्ट इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा तयार करतो, मी फक्त प्रश्न निवडतो आणि उत्तरं तपासतो. संध्याकाळी डाउट सोडवायलाही जुनेच विद्यार्थी येतात, तासावर मानधन. यात एक अडचण आली ती सांगतो, कारण ती सगळ्यांनाच येईल. त्यांची सेमिस्टरची परीक्षा आली की सगळे एकदम गायब. आता दोघांच्या जागी चौघं ठेवतो, वेगवेगळ्या वर्षाचे, शक्यतो वेगवेगळ्या कॉलेजचे. दुसरं म्हणजे ही मुलं लगेच शॉर्टकट सांगतात. बोर्डाच्या उत्तराला पायऱ्या लागतात, म्हणून आधी पूर्ण रीत आणि मग शॉर्टकट, हे बजावून सांगावं लागतं.

कागदपत्रांचं काम मी कधी आपलं मानलंच नव्हतं. एका वर्षी एका हुशार मुलाचं नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारं उत्पन्नगटाचं प्रमाणपत्र, जुनं निघालं. प्रवेशासाठी त्याची मुदत पुढच्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत असावी लागते, आणि हे त्या घरी कळलं तेव्हा कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, फॉर्म सुरू झाले होते. वडिलांची सेतू केंद्रात झालेली धावपळ मी पाहिली आहे. आता बारावीच्या ऑगस्टमध्येच ताई प्रत्येक मुलाची यादी करतात: जातीचा दाखला, जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत गेला का, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला. दिवाळीपर्यंत ज्याचं अडलंय त्याच्या घरी फोन जातो. पालक दुसऱ्या पालकांना आमच्याबद्दल सांगतात ते याचमुळे, हे मला चौकशीला येणाऱ्यांच्या तोंडून कळलं. गणिताचं नाव नंतर निघतं.

आज 132 मुलं आहेत. सीए मी उशिरा गाठला, तो आधी गाठावा. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि कोचिंगवर 18 टक्के कर आहे. मी पालकांना फी ठोक सांगून बसलो होतो, त्यामुळे त्या वर्षीचा कर खिशातून भरला.

येत्या वर्षी ताईंची मुलगी दहावीला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना रजा हवी, आणि ती मिळायलाच हवी. नेमका तोच काळ द्राक्षवाल्यांच्या हप्त्यांचा. म्हणून त्यांनी हाताखाली एक मुलगी घेतली आहे. निवड त्यांनीच केली, मी फक्त पगार ठरवला. आणि जे आजवर त्यांच्या डोक्यात होतं ते आम्ही वहीत उतरवतोय. काल चौतिसावं पान झालं. डावीकडे गावांची नावं आहेत, उजवीकडे कुठल्या गावात पैसा कुठल्या महिन्यात येतो ते.