मेकॅनिकलचा मुलगा, बॅटरीची इंटर्नशिप आणि एक एनओसी

आमच्या कॉलेजच्या इंटर्नशिप फॉर्मवर सातवा रकाना आहे: ‘कामाचा शाखेशी संबंध’. पुढे जेमतेम एका ओळीची जागा. माझं घोडं तिथेच अडलं. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तो असताना लिहून टाकतोय. ज्युनियर पोरांना उपयोग होईल.

मला ईव्हीच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यात काम करायचंय, त्यातही बॅटरी पॅकच्या लाइनवर. पुण्याच्या आसपास राहणाऱ्याला हे स्वप्न फार लांबचं वाटत नाही. आकुर्डीला इलेक्ट्रिक चेतक बनते, रांजणगावला नेक्सॉन ईव्ही. बॅटरीतले सुटे सेल बहुतेक अजून परदेशातून येतात, पण ते एकत्र जोडून पॅक इथेच बनतात, आणि ते बनवणारे छोटे कारखाने भोसरी-चाकणच्या गल्ल्यांत आहेत. तिथे मोठ्या कंपन्यांसारखी ऑनलाइन परीक्षा वगैरे नसते. मी भोसरीतल्या एका कारखान्यात थेट मेल केला, मुलाखत झाली, निवड झाली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. एक मात्र सांगतो: रेझ्युमेत ‘ईव्हीची आवड’ लिहून काही होत नाही. मला विचारलं, ‘शंभर अँपिअर जाणाऱ्या जोडावर एक मिलिओहमचा रोध असेल तर उष्णता किती?’ दहा वॅट. एका जोडाला, सतत. हे उत्तर पुढे अशा ठिकाणी कामी आलं की जिथे अपेक्षाच नव्हती.

आता कॉलेज. इंटर्नशिपला कॉलेजची एनओसी लागते, म्हणजे ‘आमची हरकत नाही’ असं पत्र. कंपनीच्या एचआर मॅडम म्हणाल्या, ‘कॉलेजची एनओसी पाठव, लगेच लेटर देते.’ प्लेसमेंट ऑफिसमधले सर म्हणाले, ‘कंपनीचं लेटर आण, लगेच एनओसी देतो.’ दोघंही ‘लगेच’ म्हणत होते. मी मधल्या मधे. ऑफिसची खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर उघडणार असं बाहेर लिहिलेलं, पण जेवण कधी संपतं ते लिहिलेलं नाही. उघडली की आत सर बदललेले, आणि आधीच्या सरांनी काय सांगितलं होतं ते यांना माहीत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून रामायण.

यातून सुटका करते ती गोष्ट म्हणजे सशर्त पत्र. एचआरला विनंती करायची की ‘निवड झाली आहे, कॉलेजची एनओसी मिळाल्यावर रुजू करून घेऊ’ असं लेटरहेडवर लिहून द्या. सही आणि गोल शिक्का हवाच. मेलची प्रिंट चालत नाही, मी नेऊन पाहिली. पत्रात सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असावी, आणि कामाचा पत्ता कारखान्याचाच असावा. बऱ्याच कंपन्यांचं ऑफिस बाणेरला आणि प्लांट चाकणला असतो. लेटरहेडवर बाणेर दिसलं की कॉलेज विचारतं, ‘मग काम कुठे?’

पत्र मिळालं आणि वाटलं सुटलो. तेव्हा सातवा रकाना आला.

एचओडी सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘बॅटरी म्हणजे इलेक्ट्रिकलचं काम. तू मेकॅनिकलचा. क्रेडिट मी कुठल्या विषयाखाली देऊ?’ मी म्हटलं, ‘सर, पॅकमध्ये मेकॅनिकलच जास्त आहे.’ ते म्हणाले, ‘लिहून दे.’ एका ओळीत काय लिहिणार? ‘ईव्ही उत्पादन’ लिहिलं, परत आलं. ‘बॅटरी पॅक जोडणी’ लिहिलं, त्यावर लाल पेनने प्रश्नचिन्ह. सर वाईट नाहीत, हे आत्ता शांत डोक्याने म्हणतो. उद्या ऑडिटला कोणी विचारलं तर उत्तर त्यांना द्यायचंय. पण तेव्हा रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि मला ते पटत नव्हतं.

शेवटी रकान्यात ‘सोबतचा तक्ता पाहावा’ एवढंच लिहिलं आणि वेगळं पान जोडलं. डावीकडे लाइनवरचं स्टेशन, उजवीकडे आपल्या अभ्यासक्रमातला विषय. सेल होल्डर आणि फिक्स्चरचं माप: मेट्रॉलॉजी. निकेल पट्टीचं स्पॉट वेल्डिंग: उत्पादन प्रक्रिया. सेलमधली उष्णता केसिंगपर्यंत पोचवणारे थर्मल पॅड: हीट ट्रान्सफर. पॅकला कंपन आणि धक्क्याच्या चाचण्या असतात: मशीन डिझाइन आणि व्हायब्रेशन. झाकण, गॅस्केट आणि गळती चाचणी, कारण आयपी६७ ही पाणी-धूळ रोखण्याची श्रेणी, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही आत पाणी जाता कामा नये. यात इलेक्ट्रिकल नाही असं नाही, बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, तर पूर्ण त्यांचंच. पण तो पॅक रस्त्यावरच्या खड्ड्यांत टिकतो तो आपल्या शाखेच्या जिवावर.

खाली ते दहा वॅटचं गणित मांडलं. बसबारचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचा, बोल्ट सैल राहिला की रोध वाढतो, रोध वाढला की जोड तापतो, आणि तापलेला जोड सेलला खेटून असतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळणं हे काम कोणाचं? मार्च २०२२ मध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती, तो व्हिडिओ पुण्यात सगळ्यांनी पाहिलाय. त्या उन्हाळ्यातल्या आगींनंतर दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं, आणि एक सेल पेटला तर शेजारच्यांचं काय होतं ही तपासणीही त्यात आली. हे सगळं त्या पानावर लिहिलं. थोडा आगाऊपणा होता, पण सरांनी पान पूर्ण वाचलं. टॉर्क रेंच कॅलिब्रेट कशी करतात, म्हणजे त्या पान्याचं माप बरोबर आहे का ते कसं तपासतात, एवढं विचारलं आणि सही केली. त्या सहीचा मला मुलाखतीपेक्षा जास्त आनंद झाला.

तक्ता करताना विषयांची नावं आपल्या सिलॅबसच्या पीडीएफमधून जशीच्या तशी घ्या, कोड नंबरासकट. सरांना तेच हवं असतं.

हो, स्टॅम्प पेपर. पालकांचं प्रतिज्ञापत्र फॉर्मवर ‘शंभर रुपयांच्या मुद्रांकावर’ मागितलंय. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो. फॉर्म कोणी बदललेला नाही. पप्पा कराडला, त्यांनी तिथेच नोटरी करून पाचशेचा पाठवला. खिडकीवरचे सर म्हणे, ‘फॉर्मवर शंभर आहे ना?’ मी म्हटलं, ‘सर, जास्तीचाच आहे, कमीचा नाही.’ ते हसले आणि घेतला. तुम्ही पालकांना आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या गावाहून कागद यायला वेळ जातो, आणि त्याची मूळ प्रतच लागते.

एनओसीच्या दोन मूळ प्रती शिक्क्यानिशी मागून घ्या. एक कंपनी ठेवून घेते आणि परत देत नाही, दुसरी क्रेडिटच्या वेळी कॉलेजच मागतं, जणू त्यांनीच दिलेली नसावी.

सध्या मी गळती चाचणीच्या स्टेशनवर आहे. पॅकमध्ये हवेचा दाब भरायचा आणि तो किती उतरतो ते बघायचं. गेल्या आठवड्यात लागोपाठ काही पॅक नापास झाले, कारण गॅस्केटची खाच एका कोपऱ्यात उथळ निघाली. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला कंटाळणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. डिग्रीनंतर इथेच अप्रेंटिस म्हणून घ्यायचं बोलणं चाललंय.

मेडिकल फिटनेसचं राहिलंच. एमबीबीएस डॉक्टरांचाच दाखला घ्या, त्यावर नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. आणि सेफ्टी शूजचं माप मेलमध्ये आधी कळवा. माझ्या मापाचे संपले होते, म्हणून पहिला दिवस मी लाइनवर नाही, रिसेप्शनच्या खुर्चीत काढला.