नेपाळला निघालेली स्टेज १ पोलो: टाकीत काय आणि फाइल कुठली

गाडी तीच, पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीतून ११० पीएस आणि १७५ एनएम घेऊन आलेली, आता स्टेज १ रिमॅपवर, म्हणजे सुटे भाग तेच ठेवून ईसीयूतली (इंजिनाच्या संगणकातली) फाइल बदलून ताकद वाढवलेली. या वेळची नोंद फक्त पेट्रोलची. पुणे–पोखरा–काठमांडू असा बेत ठरला आणि ग्रुपवर लगेच सल्ले सुरू झाले: "तिकडे शुद्ध पेट्रोल आहे, इथेनॉल नाही. गाडी उडेल बघ!" साध्या गाडीला हे थोडंफार लागू पडेलही. ट्यून केलेल्या टर्बो गाडीला मात्र बरोब्बर उलटं लागू पडतं, आणि ते का हे लॉगसकट (गाडीतून नोंदवलेल्या आकड्यांसकट) लिहितो.

ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, आपण सगळेच शिव्या घालतो. मीही घालतो, विशेषतः अॅव्हरेज बघितलं की. पण शिव्या कशासाठी घालायच्या ते नीट ठरवू या. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून गाडी जास्त पिते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील यांचा प्रश्न आहे. हे सगळं मान्य. नॉकच्या बाबतीत (सिलिंडरमधलं मिश्रण उष्णता-दाबाने आपोआप पेटून बसणारा ठोका) मात्र इथेनॉल आपल्या बाजूचं आहे. त्याचा स्वतःचा ऑक्टेन, म्हणजे नॉकला टिकून राहण्याची ताकद, १०८ च्या आसपास, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. आपल्या टीएसआयमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हा थंडावा नेमका जिथे हवा तिथेच मिळतो. पेट्रोलियम मंत्रालयाचेच आकडे घ्या: बीएस४ च्या काळात साधं पेट्रोल ८८ रॉन (ऑक्टेन मोजायचं माप), बीएस६ मध्ये ९१, आणि २० टक्के इथेनॉल घातल्यावर ९५. म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही पंपावरचं साधं पेट्रोल आज जे ९५ आहे, ते ज्याला आपण शिव्या घालतो त्या इथेनॉलमुळे.

इथे हमखास कोणीतरी एक्सपी१००, म्हणजे इंडियन ऑइलचं प्रीमियम पेट्रोल, काढतो. हो, ते इथेनॉलशिवाय आहे आणि १०० सुद्धा आहे. पण तो १०० इंडियन ऑइलच्या ऑक्टामॅक्स प्रक्रियेतून, रिफायनरीत कमावलेला. इथेनॉल नसलं की ऑक्टेन आपोआप वाढतो असं काही नसतं.

आता नेपाळ. तिथलं पेट्रोल आपलंच. नेपाळ आयल निगम सगळा माल इंडियन ऑइलकडून घेतं. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पाइपलाइन सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तोवर सगळा कारभार टँकरवर चालायचा. आपल्याकडे इथेनॉल मिसळलं जातं ते डेपोत. नेपाळचा माल त्या पायरीला न शिवता जातो. म्हणून तिकडे हातात पडतं ते बिनइथेनॉलचं, बीएस६ दर्जाचं, ९१ रॉनचं पेट्रोल. आणि तेवढंच. प्रीमियम नावाचा दुसरा नोझल नाही. पोखऱ्याच्या पंपावर मी सवयीने विचारलं, ९५ वगैरे काही आहे का. पोऱ्या हसला आणि म्हणाला, "पेट्रोल एउटै हुन्छ, दाइ." म्हणजे पेट्रोल एकच असतं, दादा. नोझल टाकीत घालून मोकळा.

म्हणजे सीमा ओलांडली की "शुद्ध" मिळतं ते चार ऑक्टेन देऊन.

स्टॉक गाडीला या चाराचं फारसं काही वाटत नाही. कंपनीने मॅपमध्ये भरपूर सैलपणा ठेवलेला असतो, ईसीयू टायमिंग (ठिणगी पाडायची वेळ) थोडं मागे घेतो, पिकअप किंचित मरतो, बस. रिमॅप म्हणजे तोच सैलपणा वापरून काढलेली ताकद. बूस्ट (टर्बोचा दाब) वर, टायमिंग पुढे. मग ९१ वर इंजिनाकडे मागे सरकायला जागा कमी उरते. "नॉक सेन्सर आहे ना, तो सांभाळेल" असं म्हणणाऱ्यांना एवढंच: सेन्सर नॉक झाल्यावर ऐकतो. आधी नाही.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली ऑक्टेन बूस्टर. बाटलीवर "पाच पॉइंट वाढवतो" असं मोठ्या अक्षरांत असतं. हे पॉइंट बहुतेक वेळा ०.१ रॉनचे असतात, म्हणजे पाच पॉइंट म्हणजे अर्धा ऑक्टेन. मला चार हवे होते. शिवाय बऱ्याच बूस्टरांत मँगनीजचं संयुग असतं, ते प्लगवर तांबूस थर सोडतं, आणि मग प्लग बघून आत काय चाललंय ते वाचता येत नाही. बाद. दुसरी वाट डिकीत कॅन भरून नेण्याची. बंद गाडीत, घाटात, पेट्रोलच्या वासात, वर भन्सारला (नेपाळच्या कस्टमला) उत्तरं देत? तीही बाद.

तिसरी वाट कंटाळवाणी आणि बरोबर: ट्यूनरकडून ९१ साठी वेगळी फाइल लिहून घेणे. त्याने आधी कुरकुर केली, "कशाला, हळू चालव", पण दिली. रोजची ९५ ची फाइल म्हणजे "अ", नवी ती "ब". "ब" मध्ये कमाल बूस्ट खाली आहे, मधल्या आरपीएमला टायमिंग तीन-चार अंशांनी मागे आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, २,२०० च्या खाली टॉर्क दाबून ठेवलाय. चालवताना गाडी साधारण स्टॉकसारखीच वाटते, वरच्या टोकाला जराशी मोकळी. सुट्टीवर निघालेल्या, सामानाने भरलेल्या गाडीला पुरे.

फाइल बदलताना एकच सूचना: बॅटरी. फ्लॅश (ईसीयूत फाइल चढवणं) चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट राहतो आणि मग काठमांडूत ट्यूनर शोधत बसा. मी छोटा चार्जर सोबत ठेवला होता आणि फाइल बदलली ती हॉटेलच्या पार्किंगमध्ये, वायर ओढून. हायवेच्या कडेला नाही.

जाताना संभाजीनगर–नागपूर समृद्धीवर मूळ लॉग घेतले. तिसरा गिअर, २,००० ते ५,००० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. वेग १२० च्या मर्यादेत राहतो म्हणून तिसराच. टाकीत एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं, इथेनॉलवालं पेट्रोल), फाइल "अ", सकाळची थंड हवा. नॉकमुळे ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलं ते असं: पहिला आणि तिसरा सिलिंडर उणे दीड अंशाच्या आत, दुसरा उणे २.३. इंधनाचं दीर्घकालीन ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी इंधन फवारतो ते, अधिक ६ टक्के. हे ट्रिम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, वाराणसी असा रस्ता सरळ गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गोरखपूरला ९५ ने टाकी काठोकाठ भरली. तिथून सोनौली शंभर किलोमीटरच्या आत, आणि सीमेवर पोहोचताना टाकी जितकी भरलेली तितकी बरी.

भैरहव्याला मुक्काम, तिथेच "ब" चढवली. टाकीत अजून ९५ च होतं, मग घाई का? कारण पुढे बुटवलच्या वर सिद्धबाबाचा दरडींचा टप्पा आणि मग पाल्पाचा घाट. कुठल्या पंपावर किती भरावं लागेल याचा नेम नाही. फाइल खालची आणि पेट्रोल वरचं असेल तर काही बिघडत नाही, थोडी ताकद वाया जाते. उलट असेल तर पिस्टन जातो. नियम सोपा: फाइल आधी उतरवायची, पेट्रोल नंतर.

पोखऱ्याला अर्ध्या टाकीवर भरलं. ९५ आणि ९१ निम्मे-निम्मे म्हणजे ढोबळ मानाने ९३. इथेनॉलचं मिश्रण अगदी सरळ रेषेत चालत नाही, पण अंदाजाला चालतं. मुग्लिंगकडे जाताना लॉग बघितला, सगळे सिलिंडर उणे दोनच्या आत. काठमांडूत दुसऱ्यांदा भरल्यावर टाकीत जवळजवळ सगळं नेपाळचंच पेट्रोल होतं, आणि आकडे उणे अडीच ते उणे ३.४ वर आले. "ब" वर, ९१ वर, हे मला चालतं.

आता नौबिसे ते नागढुंगा. काठमांडू खोऱ्यात शिरतानाचा हा चढ, आणि त्यावर ट्रकची रांग. या सगळ्या प्रवासात इंजिनाची खरी परीक्षा कुठे झाली असेल तर ती इथे, कुठल्याही फुल थ्रॉटल लॉगमध्ये नाही. पुढचा ट्रक रांगतो, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमवर, जरा जागा मिळाली की पाय दाबता. लहान टर्बो, थेट इंजेक्शन, कमी आरपीएम, जास्त लोड, तापलेलं इनटेक (आत येणारी हवा): ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेण्यासाठी याहून चांगली परिस्थिती नाही. हा साधा नॉक नव्हे, टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही, आणि एकच जोरदार ठोका पिस्टनची कड उडवू शकतो. "ब" मध्ये खालचा टॉर्क दाबायला मी भांडलो होतो तो यासाठीच. बाकी उपाय पायात आहे. पहिला गिअर, आरपीएम २,५०० च्या वर, ट्रकपासून अंतर, आणि जागा मिळाली तरी उगाच लाथ घालायची नाही. मागून हॉर्न वाजले. वाजू देत.

उंचीबद्दल एक गैरसमज फार ऐकतो: "वर गेलं की कमी ऑक्टेन चालतो." बिनटर्बो गाडीला हे खरं आहे. हवा विरळ, सिलिंडरमध्ये भरणा कमी, दाब कमी. आपली टर्बो मात्र ईसीयूने ठरवलेला दाब गाठायला आणखी जोरात फिरते, आणि हवा आणखी तापवून देते. तसंही पोखरा साधारण ८०० मीटर, काठमांडू १,४००; पुणेच मुळात साडेपाचशेच्या वर आहे. या प्रवासात उंचीची सूट मिळते असं धरून कोणी फाइल निवडू नये.

परतीला हेटौंड्यात मुद्दाम "अ" परत चढवली, टाकीत ९१ असताना. ग्रुपवरच्या मंडळींना आकडा दाखवायचा होता, दुसरं कारण नाही. वीरगंजच्या अलीकडे तराईतला सरळ रस्ता, मोकळा, तिसरा गिअर. ३,२०० ला दुसरा सिलिंडर उणे ४.५, ३,६०० ला उणे ६, बाकीचे दोन पाचाच्या आसपास. तिथेच पाय काढला. बाहेर कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं, गाडी नुसती जड वाटत होती. "माझी तर काही खडखडत नाही" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्याच रात्री "ब" परत.

आता ते ट्रिम. ई२० वर अधिक ६ होतं, ते नेपाळच्या भरलेल्या टाकीवर हळूहळू उतरत उणे १ वर स्थिरावलं. सात टक्क्यांचा हा फरक हिशेबाशी जुळतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, आणि इथेनॉलची घनता थोडी जास्त असल्याने लिटरच्या भाषेत फरक सातच्या आसपास येतो. म्हणजे अॅव्हरेजच्या बाबतीत ग्रुपवाले बरोबर होते, तिकडे गाडी खरंच कमी पिते. माझे प्रत्यक्ष अॅव्हरेजचे आकडे मात्र देत नाही. समृद्धी आणि पाल्पाचा घाट यांची तुलना करून काय सिद्ध होणार?

रक्सौलला भारतात शिरल्यावर लगेच "अ" वर उडी मारली नाही. निम्मी टाकी ९१ ची होती. दोनदा ९५ भरलं, ट्रिम परत अधिक ५ च्या वर गेलं, म्हणजे टाकीत इथेनॉल पोचलं याची पावती मिळाली, मग फाइल बदलली. टाकीत नेमकं काय आहे हे विचारायला ट्रिमसारखा प्रामाणिक साक्षीदार नाही, आणि तो फुकट आहे.

भूतानला जाणाऱ्यांनीही विचारलंय. तिकडचं पेट्रोलही आपल्याकडूनच जातं, आणि "तिथे इथेनॉल नाही" हीच जाहिरात तिकडच्याही नावाने चालते. माझं उत्तर तेच: स्टॉक गाडी असेल तर खुशाल भरा, अॅव्हरेज बघून खूश व्हा. ट्यून असेल तर ९१ ची फाइल खिशात असल्याशिवाय फुन्शोलिंगचं गेट ओलांडू नका.

घरी आल्यावर प्लग काढले. तिन्हींच्या इलेक्ट्रोडचा रंग फिका तपकिरी. पोर्सेलिन भिंगाखाली धरून फिरवून बघितलं, कारण पिस्टनचं अॅल्युमिनियम उडायला लागलं की तिथे मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे-चंदेरी ठिपके दिसतात. एकही नाही. गॅप ०.७ चा ०.७५ झालाय, तो परत बसवला. दुसरा सिलिंडर मात्र ९५ वरही इतरांपेक्षा अर्धा-एक अंश मागेच राहतो, जातानाही आणि आल्यावरही. पेट्रोलचा दोष असता तर तिघांत सारखा दिसला असता. माझा संशय इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनवर आहे, थेट इंजेक्शनमध्ये तिथे पेट्रोलची धुलाई होतच नाही. बोरस्कोप (आत डोकावायचा बारीक कॅमेरा) मागवलाय. मॅनिफोल्ड उघडला की फोटो टाकतो.