तुम्ही विचारलंत म्हणून: ओडाफा सोडून बिलालच का?

"चर्चिल ब्रदर्सकडे एवढे परदेशी खेळाडू येऊन गेले, त्यांतला तुमचा आवडता कोण?" गोव्याच्या फुटबॉलचा विषय निघाला की हे मला हटकून विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं: नायजेरियन स्ट्रायकर ओडाफा ओकोली. मी सांगतो, बिलाल नज्जारीन. मग समोरून येतं, "हा कोण आता?" आणि ओळख करून दिली की, "लेबनॉनचा? आणि तोही डिफेंडर? का बरं?"

बिलाल सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा. लेबनॉनच्या राष्ट्रीय संघात खेळलेला. तिशी ओलांडल्यावर 2012-13च्या मोसमात तो चर्चिलकडे आला. त्याच्याच देशाचा स्ट्रायकर अक्रम मोग्राबीही त्या मोसमात इथे होता. चौदा संघांची, सव्वीस सामन्यांची ती आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, चर्चिलने जिंकली. 2008-09नंतरचं हे त्यांचं दुसरं विजेतेपद. दुसऱ्या नंबरवर राहिलं ते पुणे एफसी, आणि बालेवाडीला नियमित जाणारे अजून त्याबद्दल कुरकुरतात. त्या मोसमाबद्दल कुणाला विचारलंत तर पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनकडून लोनवर आलेला सुनील छेत्री आठवतो, मोग्राबीचे गोलही आठवतात. मागे कोण उभं होतं ते आठवत नाही. आपल्याकडे महेश गवळीसारख्या डिफेंडरच्या वाट्यालाही हेच आलं, तिथे पाहुण्याची काय कथा.

डिफेंडरचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. क्रॉस येतो, डोक्याने बाहेर जातो, खेळ पुढे सरकतो. चुकलं की मात्र हायलाइट्समध्ये तोच पहिला दिसतो. हे सगळ्याच देशांतल्या डिफेंडरांना लागू आहे, त्यासाठी लेबनॉनपर्यंत जायची गरज नव्हती. पण बिलाल आला म्हणून मी लेबनॉनच्या फुटबॉलबद्दल मिळेल ते वाचायला लागलो, आणि मग तो माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

त्याचा क्लब नेजमे. बैरूतमधला, 1945 सालचा, देशातल्या सर्वांत लोकप्रिय क्लबांपैकी एक. तिथे क्लब म्हणजे नुसता क्लब नसतो. अल-अहद शियांचा आणि हिजबुल्लाहच्या जवळचा, सफा द्रुझ पंथीयांचा, सॅजेस मारोनी ख्रिश्चनांचा, होमेनेटमेन आर्मेनियनांचा. नेजमेला सगळीकडचे लोक मानायचे, पण पैशाच्या बाजूने तो हरीरी घराण्याशी जोडला गेला. फेब्रुवारी 2005मध्ये माजी पंतप्रधान रफिक हरीरी बॉम्बस्फोटात मारले गेले. स्टँडमध्ये पंथापंथांत दंगल पेटेल या धास्तीने लीगच्या सामन्यांना प्रेक्षकांनाच बंदी झाली, आणि ती कित्येक वर्षं टिकली. त्याच 2005मध्ये नेजमे एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचला आणि जॉर्डनच्या अल-फैसलीकडून हरला. आशियात फायनल खेळणारा क्लब, आणि घरच्या लीगमध्ये मैदान रिकामं! पुढच्याच वर्षी जुलैमध्ये इस्रायलशी युद्ध.

मग 13 जून 2007. बैरूतच्या मनारा भागात समुद्राकाठी नेजमेचं मैदान आहे. तिथून जवळच खासदार वलीद ईदो यांना मारण्यासाठी कारबॉम्ब उडवला गेला. त्यात हुसेन दुक्माक आणि हुसेन नईम हे नेजमेचे दोन फुटबॉलपटूही गेले.

हे मी का सांगतोय? कारण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लेबनॉनचा संघ आपल्या मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर वर्ल्ड कप पात्रतेचा सामना खेळून गेला. आधी लेबनॉनमधल्या सैदामध्ये त्यांनी भारताला 4-1ने हरवलं होतं, मडगावात 2-2 झाले. आपल्याकडे चर्चा झाली ती "घरच्या मैदानावर निदान बरोबरी तरी केली" एवढीच. पाहुणे कुठून आणि कशातून आलेत हे आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हतं, मी त्यातलाच.

लोक दुसरा आक्षेप घेतात तो असा, की लेबनॉनचाच डिफेंडर आवडायचा तर युसूफ मोहमद का नाही? तो खरा मोठा. मान्य आहे. 'डोडो' मोहमद ऑलिंपिक बैरूतमधून 2004मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला गेला, 2007मध्ये कोलनला. कोलन बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, परत आलं तेव्हा तो त्या संघात होता, आणि पुढे काही काळ त्यांचा कर्णधारही झाला. दोन्ही क्लबांत त्याचा देशबांधव रोडा अंतर सोबतीला होता. बैरूतहून निघून जर्मन क्लबचं कर्णधारपद, ही गोष्ट कुणालाही आवडेल. पण ती अपवादाची गोष्ट आहे. मला नियमाची जास्त ओढ. मोहमदसारखा एखादाच निघतो, बाकीचे नेजमे, अन्सार, अहद यांच्यातच फिरतात, किंवा आखातात, मलेशियात, भारतात एखाद-दुसऱ्या मोसमाचा करार करतात. त्यात एक सोय होती: आशियातल्या बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंपैकी एक जागा आशियाई खेळाडूसाठी असायची. ब्राझीलचा किंवा नायजेरियाचा खेळाडू त्या जागेवर घेता यायचा नाही. लेबनॉनचा घेता यायचा, तो उंचापुरा असायचा आणि फार महाग पडायचा नाही. या व्यवहारात रोमँटिक काही नव्हतं. पण त्यामुळेच बैरूतचा माणूस गोव्यातल्या सासष्टीत येऊन पोचला.

त्या काळातला त्यांचा राष्ट्रीय संघ तर कादंबरीत शोभावा असा. सप्टेंबर 2011मध्ये दक्षिण कोरियाने त्यांना 6-0ने तुडवलं. सहा गोल खाल्लेल्या बचावफळीने पुन्हा तोंड कसं दाखवायचं? जर्मन प्रशिक्षक थिओ ब्यूकर यांनी त्यांना दाखवायला लावलं. 15 नोव्हेंबरला बैरूतच्या कामिल शमून स्टेडियमवर त्याच कोरियाला लेबनॉनने 2-1ने हरवलं. हे स्टेडियम 1982च्या इस्रायली हल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं आणि 1997मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. महिनाभरात कोरियाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. लेबनॉन पहिल्यांदाच आशियाई पात्रतेच्या शेवटच्या फेरीत पोचला, आणि सप्टेंबर 2012मध्ये इराणलाही 1-0ने हरवून बसला. गोल रोडा अंतरचा. नंतरच्या आय-लीगमध्ये गोव्यात दिसलेला बिलाल याच पिढीचा.

आणि पुढे लगेच माती. फेब्रुवारी 2013मध्ये मॅच-फिक्सिंगच्या चौकशीनंतर लेबनॉनच्या महासंघाने चोवीस खेळाडूंवर कारवाई केली. दोघांवर आजन्म बंदी. पात्रतेत त्यांच्या गटात ते शेवटचे राहिले, गुण पाच. कुणी म्हणेल, पैसे घेणाऱ्यांबद्दल कसली सहानुभूती? घेणाऱ्यांबद्दल मलाही नाही. पण शेजारी उभं राहून इमानाने टॅकल करणाऱ्याचं काय? स्ट्रायकरने जाणूनबुजून बाहेर मारलं तर नेम चुकला म्हणता येतं. पण असं एकदा उघड झालं की डिफेंडरच्या प्रत्येक जुन्या चुकीकडे लोक नव्याने बघतात. प्रामाणिक माणसालाही तो हिशेब चुकवावा लागतो, आणि तो कुठल्या आकडेवारीत येत नाही.

त्यानंतरही त्यांचं नशीब फारसं बदललेलं नाही. 2019च्या आशिया कपमध्ये लेबनॉन आणि व्हिएतनाम यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, मारलेले गोलही सारखेच. शेवटी पिवळी कार्डं मोजली. लेबनॉनची सात, व्हिएतनामची पाच, म्हणून व्हिएतनाम पुढे गेला. त्याच वर्षी अल-अहदने क्वालालंपूरमध्ये एएफसी कप जिंकला, लेबनॉनच्या क्लबांसाठी पहिलाच. तो आनंद पुरता उपभोगायच्या आत देशाची अर्थव्यवस्था कोसळली आणि 2019-20ची लीगच रद्द करावी लागली. 2024च्या सप्टेंबरमध्ये युद्धामुळे लीग पुन्हा थांबली. म्हणजे तिथल्या डिफेंडरला पुढचा सामना आहे की नाही, हेही आधी विचारून घ्यावं लागतं.

आता हल्ली नवीन प्रश्न येतो: 2023मध्ये बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत भारत-लेबनॉन झाला तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने होतात? भारताच्या, हे काय विचारणं झालं. एकशेवीस मिनिटांत एकही गोल नाही, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये आपण 4-2ने जिंकलो. गुरप्रीतने हसन मातूकची पेनल्टी अडवली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. मात्र त्याआधीचे दोन तास मी छेत्रीपेक्षा लेबनॉनच्या मागच्या फळीकडेच जास्त बघत होतो, आणि शेजारी बसलेला भाचा दर पाच मिनिटांनी म्हणत होता, "मामा, बॉल तिकडे नाहीये."